काळ्या रेषेचं तळं

संपादकांनी पत्रात लिहिलं आहे, "नकाशांच्या व्यवसायातले गमतीदार अनुभव पाठवा." दोन पाठवते. त्यानंतर जे लिहिणार आहे त्यात गंमत नाही. पण माझ्या कामाबद्दल खरं काही सांगायचं तर तेच सांगावं लागेल.

बारामतीत इंदापूर रस्त्याला, एका टायरच्या दुकानावरच्या खोलीत माझं ट्रेसिंगचं दुकान होतं. नव्वदनंतरची ही गोष्ट. आयटीआयमधून आरेखनाचा कोर्स केला, आठ वर्षं एका खाजगी सर्व्हेअरकडे ट्रेसर म्हणून हात काळे केले आणि मग स्वतःचं टेबल मांडलं. टेबलाला वरून काच, काचेखाली ट्यूबलाइट. काचेवर मूळ नकाशा, त्याच्यावर ट्रेसिंग पेपर, आणि मग शाईच्या पेनानं गिरवायचं. चुकलं तर दाढीच्या ब्लेडनं खरवडायचं. ट्रेसिंग झालं की त्याची अमोनिया प्रिंट. त्या यंत्राचा वास असा की येणारं प्रत्येक गिऱ्हाईक डोळे पुसत बोलायचं. नवीन माणसाला वाटे, बाईंच्या घरी काही वाईट झालंय.

प्लॉटचे नकाशे, विहिरींचे नकाशे, नदीवरून पाणी उचलण्याच्या योजनांचे नकाशे, हे रोजचं काम. पण माझ्याकडे एक गोष्ट होती जी आसपास कुणाकडे नव्हती. टोपोशीट. सर्व्हे खात्याचे सविस्तर नकाशे. दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यात ओढे, पायवाटा, वस्त्या, देवळं, विहिरी सगळं असतं आणि डोंगराची उंची दाखवणाऱ्या तपकिरी रेषा, म्हणजे कंटूर, असतात. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, लांब गेल्या की माळ. हे नकाशे मिळवणं सोपं नव्हतं. पहाटेच्या एसटीनं पुणं गाठायचं, अर्ज भरायचा, खिडकीशी उभं राहायचं, आणि नेमकं आपल्याला हवं ते शीट शिल्लक नाही असं ऐकून परत यायचं. असं करत करत सहा वर्षांत मी आमच्या बाजूची बरीच शीटं जमवली. काही एका निवृत्त मोजणीदारांनी दिली, कापडावर चिकटवलेली, घडीवर फाटलेली. पूर्ण शीट मी कुणाला देत नसे. लागेल तेवढा तुकडा ट्रेस करून देई.

आता गमती. एक गृहस्थ टोपोशीटवरच्या छोट्या त्रिकोणांच्या मागे लागले होते. मोजणीच्या वेळी डोंगरमाथ्यावर खूण पुरतात, तिथं नकाशावर त्रिकोण आणि उंचीचा आकडा असतो. यांना वाटलं, त्रिकोण म्हणजे गुप्तधन आणि आकडा म्हणजे खोली. आठवड्यानं ते पोत्यात एक दगड घेऊन जिना चढून आले. "बाई, एवढाच निघाला. ह्याचं काय करायचं?" सरकारी खुणेचा दगड होता तो. मी त्यांना तसंच परत पाठवलं, होता तिथं पुरून यायला. दुसरे एक जण म्हणाले, "भावाच्या हिरीपेक्षा माझी जरा मोठी काढा." त्या मापावर विहीर म्हणजे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. मी त्यांच्या ठिपक्यावर पेन जरा जास्त टेकवलं. समाधानानं गेले.

असे दिवस होते. मला माझ्या हाताचा गर्व होता, तो लपवत नाही. माझ्या रेषेवर लोक पाइप टाकत, विहिरी खोदत.

शेख सर आले तो गुरुवार होता. भवानीनगरजवळच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे, राहायला लासुर्ण्यात. बारीक बांधा, खिशाला दोन पेनं, शाळेचं पत्र व्यवस्थित घडी घालून आणलेलं.

"बाई, नीरेपलीकडच्या डोंगराचं शीट तुमच्याकडं आहे असं कळलं. मी पुण्याला जाऊन रिकामा आलोय."

"काय काम आहे?"

"फिरायचंय. नववीच्या आठ मुली आहेत. सगळे सिंहगडाला नेतात हो, आपल्या दारातला डोंगर कुणी दाखवत नाही. त्यांनी कंटूर फक्त फळ्यावर बघितलेत."

मला आवडलं ते. आजवर माझ्याकडे कुणी केवळ फिरण्यासाठी नकाशा मागितला नव्हता. मी तीन दिवसांत देते म्हणण्याऐवजी त्याच दिवशी बसले आणि दुपारपर्यंत ट्रेसिंग केलं. सरांनी तिथंच उभं राहून बेत सांगितला. रविवारी पहाटे उत्तरेकडून चढायचं. साडेनऊला खालच्या तळ्याशी पोचायचं, तिथं खिचडी शिजवायची. बाराला वरचं तळं. मग दक्षिणेच्या पायवाटेनं उतरून चारची एसटी. मुलींकडे एकेक बाटली आणि सरांकडे दोन मोकळे कॅन, तळ्यावर भरायला. खिशातून तुरटीची पुडी काढून दाखवली. "तुरटी फिरवायची, उकळायचं, मगच प्यायचं."

मग त्यांनी प्रिंटवर बोट ठेवलं. "ही दोन्ही तळी... मार्चात पाणी असेल ना?"

माझ्यामागे चार शेतकरी प्रिंटसाठी थांबले होते. यंत्र तापलं होतं.

"सर, शीटवर आहे म्हणजे आहे."

एवढं एकच वाक्य. सर आभार मानून गेले.

आता थोडं कामाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. टोपोशीटवर रंगांना अर्थ असतो. तळं निळ्या रंगात असेल तर त्यात वर्षभर पाणी. काळ्या रेषेत असेल तर पावसाळ्यापुरतं, एरवी कोरडं. माझ्या ट्रेसिंगला रंग एकच, काळी शाई. आणि अमोनिया प्रिंटमध्ये ती काळी शाई निळी होऊन निघते. म्हणजे माझ्या प्रिंटमध्ये कडा निळा, वाट निळी, तळं निळंच. त्यामुळे कोरडं तळं असेल तर शेजारी तसं लिहायचं असतं. हे मला शिकवलेलं होतं. पण सर्व्हेअरकडे आठ वर्षं जे इंजिनीयर येत, त्यांना तळ्याचा फक्त आकार हवा असे. पाणी ते जीपमध्ये भरून न्यायचे. हळूहळू मी लिहिणं सोडलं. निळं की काळं, हे बघणंही सोडलं.

रविवारी दहाच्या सुमारास बिरूआबा जिना चढून आले. कन्हेरीचे. तरुणपणी मेंढरं घेऊन हिंडलेले, आता ऊस लावून स्थिर झालेले. शेतावरच्या पाइपलाइनची प्रिंट न्यायला आले होते. यंत्र चालू होतं म्हणून डोळे पुसत बाकावर बसले. समोर तारेला चिमट्यानं सरांचं ट्रेसिंग टांगलेलं होतं.

"ह्ये काय, जिलेबी काढलीया व्हय गं?"

"डोंगर आहे आबा. नीरेच्या पलीकडचा." मी दोन-तीन नावं वाचून दाखवली. ते उठून जवळ गेले. मान तिरकी केली, मग म्हणाले, "उलटा धर." मी ट्रेसिंग काढून उलटं धरलं. ते नदीकडून दक्षिणेला चालत जायचे, तेव्हा दक्षिण वर आल्यावरच त्यांना डोंगर ओळखू आला.

"हां. आता बसला. पावसाळ्यात आमचा मेंढरांचा वाडा असायचा हितं. ह्यो कडा... ही घळ... आन् ह्ये दोन डोळं कशाचं?"

"तळी आहेत. खालचं आणि वरचं."

आबा हसले. "तळी म्हण, न्हायतर परात म्हण. पानी दसऱ्यापातूर. दिवाळीला तितं बेडूक बी ऱ्हात न्हाय."

मी यंत्र बंद केलं. कपाटातून मूळ शीट काढलं आणि काचेवर पसरलं. दिवा लावला. खालचं तळं: काळी रेषा. वरचं तळं: काळी रेषा. नकाशानं सगळं बरोबर सांगितलं होतं. मी ते सांगितलं नव्हतं.

घामेजलेल्या बोटांचे ठसे शीटवर उमटलेले मला दिसले. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. सर खालच्या तळ्याशी पोचून गेलेले असणार.

"आबा, तिथं आज आठ मुली आहेत. माझ्या नकाशावर गेल्यात."

आबांचं हसू गेलं. "पानी किती हाय संगं?"

"एकेक बाटली."

"मंग ऊठ की. बगत काय बसलीस?"

खालच्या टायरच्या दुकानाचे मालक पोपटराव. त्यांच्याकडे जुनी जीप होती. मी त्यांना दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी हातातलं टायर तसंच सोडलं. वीस लिटरचे दोन कॅन भरले, मी घरून साखर-मीठ आणि लिंबं घेतली, पिशवीत सरांच्या नकाशाची आणखी एक प्रिंट टाकली. शाळेचा फोन लावून पाहिला. रविवार. वाजत राहिला.

"ताई, एवढं घाबरू नका," पोपटराव गाडी चालवत म्हणाले. "मास्तर काय येडा हाय व्हय? पानी दिसलं न्हाय की फिरंल म्हागारी."

"नाही फिरणार. नकाशावर वरचं तळं खालच्यापेक्षा मोठं आहे. ते पुढं जातील."

त्यांनी गाडी आणखी दामटली. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटत होती. सर शहाणे होते, नेमाचे होते, नकाशावर विश्वास ठेवणारे होते. बेफिकीर माणूस एव्हाना परतला असता.

भवानीनगरला उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. कारखान्याचा हंगाम संपत आलेला, सगळ्यांनाच घाई. एकामागे एक गाड्या, मध्ये ट्रॅक्टर, आणि आम्ही त्यांच्या मागे पावलापावलानं. पोपटराव हॉर्नवरचा हात काढत नव्हते. एका गाडीवान बाईनं ओरडून विचारलं, "काय लगीन चुकतंय का काय तुमचं?" आबांनी बाहेर डोकं काढून सांगितलं, "पोरी अडकल्यात डोंगरात, बिनपाण्याच्या." तिनं पुढच्याला हाक दिली, त्यानं त्याच्या पुढच्याला. गाड्या कडेला झाल्या.

लासुर्ण्यात सरांच्या दाराशी मिनिटभर थांबलो. वाटेत बेत बदलला असेल, ही एक वेडी आशा होती. सरांच्या पत्नी, भाभी, कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या.

"पहाटं चारलाच गेले की. का हो ताई?"

"काही नाही. पाणी पोचवायला चाललोय."

"मी म्हणलं होतं, शिमगा झालाय, ऊन लागतंय, आता नगा जाऊ. तर म्हणाले, नकाशात दोन तळी हायती." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. आत जाऊन ओल्या फडक्यात गुंडाळलेली कळशी आणून जीपमध्ये ठेवली.

पायथ्याच्या वाडीला पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. वाडीतल्या एकानं नऊ जणांना सकाळी चढताना पाहिलं होतं. उतरताना कुणी पाहिलं नव्हतं. माणसं जमवून खाट घेऊन मागून या, असं पोपटरावांनी त्याला सांगितलं. पोपटरावांनी एक कॅन खांद्यावर घेतला, मी कळशी आणि पिशवी. दुसरा कॅन जीपमध्येच ठेवावा लागला. आबा पुढं. पासष्टीचा माणूस, पण मला त्यांच्या टाचाच दिसत होत्या.

मार्चातलं ऊन मला काही नवं नव्हतं. पण त्या उतारावर झाड नव्हतं. दगड चपलेतून भाजत होता. मी नकाशावर याच उताराच्या रेषा काढल्या होत्या, एकसारख्या, सुबक. त्या काढायला अर्धा तास लागला होता. चढायला सव्वा तास लागला.

खालचं तळं म्हणजे भेगाळलेल्या चिखलाची एक खोलगट जागा. कडेला तीन दगडांची चूल मांडलेली होती. पेटवलेली नव्हती. तळ्याच्या मधोमध कुणीतरी ताटलीनं खड्डा खणला होता, हातभर खोल. तळाशी माती नुसती गार होती. आणि काठावर दगडांचा बाण, वरच्या तळ्याकडे तोंड केलेला. मुलींना वाटखुणा शिकवण्यासाठी सरांनी तो करून घेतला असणार. अगदी नीट केला होता.

"चला," आबा म्हणाले.

पुढची वाट मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. एका ठिकाणी वाटेत दप्तर पडलेलं. आत तांदळाची पुरचुंडी आणि वही. पुढं आणखी एक. ओझं टाकायला लागल्या होत्या. मग एक पाण्याची बाटली, झाकण उघडं, आतून कोरडी. मी ती उचलून पिशवीत टाकली, का ते माहीत नाही. आबा मध्येच थांबून तोंडाशी हात धरून मेंढक्याची लांब हाळी देत. आम्ही ऐकत उभे राहत असू. उत्तर येत नव्हतं.

वरच्या तळ्याशी कुणीच नव्हतं.

ते तळं खालच्यापेक्षा खरंच मोठं होतं. तेवढंच कोरडं. मी काठावर उभी राहिले. पोपटरावांनी कॅन खाली ठेवला. इथून पुढं माझ्या प्रिंटवर दक्षिणेची पायवाट होती, पण ती पाच किलोमीटर उतरत होती, आणि त्या वाटेवर आठ मुली कुठं कुठं पडल्या असतील ते मी मनात मोजू लागले होते.

आबा मात्र तळ्याकडे बघतच नव्हते. ते कड्याकडे बघत होते.

"पानी न्हाय म्हणल्यावर मानूस सावली बगतंय," ते म्हणाले. "आन् ह्या येळंला हितं सावली एकाच ठिकानी हाय."

तळ्याच्या पश्चिमेला कड्याच्या पोटात एक कपार होती. दोन-तीनशे पावलांवर, पण काठावरून दिसत नव्हती. मुली तिथं होत्या. आठही. मी तीनदा मोजल्या. सात जणी बसलेल्या किंवा आडव्या, ओठांना पांढरा पापुद्रा, बोलायला तोंड उघडत होत्या पण आवाज येत नव्हता. आठवी संगीता. उंच, सडसडीत पोर. तिला उलट्या होऊन गेल्या होत्या. अंग तापलेलं आणि घाम अजिबात नाही. नाव घेतलं तर डोळे उघडत होती पण बघत नव्हती.

"घोट घोट. एकदम न्हाय द्यायचं," आबांनी दरडावलं. मी टोपणानं पाणी पाजत गेले. संगीताच्या डोक्यावर भाभींचं ओलं फडकं ठेवलं, अंगावर पाणी ओतलं.

आबा दोन मुलींना म्हणाले, "उठा गं बायांनो, जरा बाजूला व्हा." त्या एका सपाट दगडावर टेकून बसल्या होत्या. आबांनी तो दगड दोन्ही हातांनी सरकवला. खाली घमेल्याएवढी खळगी, आणि तिच्यात स्वच्छ, गार पाणी. कपारीतून थेंबथेंब झिरपून साठलेलं.

त्या मुली दीड तास त्या झिऱ्यावर बसून होत्या.

"वर दगडाची चीप टाकून जायाची रीत हाय आमची," आबा खालच्या आवाजात म्हणाले. जणू त्यांचीच चूक झाली होती. "उन्हानं आटू न्हाय, जनावरानं घाण करू न्हाय. म्हायती असलेल्यानं उघडायचं, पिऊन झाकायचं."

"सर कुठायत?" मी विचारलं.

एका मुलीला आवाज फुटला. "खाली गेले. दोन्ही कॅन घिऊन. नकाशात वस्ती हाय म्हणाले. आमाला म्हणाले, इथनं हलू नका."

"कधी?"

"लई येळ झाला."

सरांनी स्वतःची बाटली मुलींत वाटून टाकली होती, हेही तिनंच सांगितलं.

आबा आणि पोपटराव दक्षिणेच्या वाटेनं गेले. मी मुलींपाशी थांबले. माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दोन तास ते. संगीताची नाडी धरून बसले होते. मध्येच ती लागायची नाही, मग मी बोट जरा सरकवायची. बाकीच्या मुलींना मी कोण ते माहीत नव्हतं. एकीनं विचारलं, "तुमी वाडीतल्या का?" मी नुसती मान हलवली. ते हो होतं की नाही, माझं मलाच ठरवता आलं नाही.

साडेचारच्या सुमारास हाळी ऐकू आली. पोपटरावांनी सरांना पाठुंगळी घेतलं होतं. ते एका घळीत बाभळीखाली सापडले, मोकळे कॅन दोरीनं कमरेला बांधलेले. सर बोलत होते, पण आमच्याशी नाही. "मागचे बाक, लक्ष कुठंय? रेषा जवळ आल्या म्हणजे काय?" पुन्हा पुन्हा तेच. मला आजवर कशाची भीती वाटली असेल तर त्या आवाजाची. वर्गात शिकवावं तसा शांत, समजुतीचा आवाज, आणि डोळे उघडे.

आबांनी झिऱ्यातलं पाणी त्यांच्या डोक्यावर ओतलं, ओंजळीनं पाजलं. तोवर वाडीतली पाच-सहा माणसं एक खाट घेऊन वर आली होती. निघताना आबांनी दगड परत जागेवर सरकवला. मी पिशवीतून पेन्सिल काढली आणि प्रिंटवर कपारीची जागा शोधू लागले. आबांनी हात आडवा घातला.

"नगं. कागदावर आला की आज शाळा यील, उद्या पाइप यील. घमेलंभर पानी हाय त्ये."

मी पेन्सिल आत ठेवली. बरोबर केलं की चूक, ते माझं अजून ठरलेलं नाही.

उजेड होता तोवर सगळे खाली उतरले आणि सरकारी दवाखान्यात पोचले. सहा मुलींना त्याच रात्री घरी सोडलं, एकीला सकाळी. संगीता आणि सर यांना सलाइन चालू राहिलं. संगीताचं डॉक्टर नीट काही सांगत नव्हते. लघवी होत नाही, एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेले तेव्हा व्हरांड्यात संगीताची आई बसली होती. नवरा कारखान्यात फिटर, तो औषधं आणायला गेलेला. शेजारच्या बाकावरची माणसं सरांबद्दल बोलत होती. जे बोलत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही. सरांचं आडनाव शेख नसतं तर त्यातलं निम्मं बोललं गेलं नसतं.

मला आठवतं, मी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत उभी होते. दुकान, नाव, माझ्या रेषेवर पाइप टाकणारी माणसं, सगळं डोक्यात येऊन गेलं. घरी जाऊन गप्प बसता आलं असतं. सर काही बोलणार नव्हते, हे मला माहीत होतं.

"तुमीच काल पानी नेलं म्हणं," संगीताची आई म्हणाली. "लई उपकार झालं ताई."

"उपकार म्हणू नका. नकाशा मी काढला होता."

तिला कळलं नाही. मी सांगितलं. तळं कोरडं होतं, मूळ कागदावर तसं दाखवलेलं होतं, मी बघितलं नाही. सरांनी विचारलं होतं, तरी बघितलं नाही. बाकावरचं बोलणं थांबलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मंग हितंच बसा," ती म्हणाली. "जाऊ नका. ती उठली की तिला सांगा. माझ्यापाशी सांगून काय उपेग?"

मी बसले. दुकान बंद होतं, पोपटराव गिऱ्हाइकांना काय सांगत होते कुणास ठाऊक. दुपारी एक झाला, दोन झाले. एकदा तिनं मला चहा दिला. तीननंतर नर्सनं येऊन सांगितलं की लघवी झाली. त्या शब्दावर दोन बाया एकदम रडू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं. खरं तर ती रडली. मी भिंतीला टेकले.

संगीता पाचला नीट जागी झाली. आईनं मला खुणेनं आत बोलावलं. मी खाटेशी उभी राहून सगळं पुन्हा सांगितलं, तिला समजेल असं. ती कपाळाला आठी घालून ऐकत होती. भूगोलाची मुलगी होती. काळी रेषा, निळी रेषा, लगेच कळलं तिला.

"हे सरांना सांगितलं का?" तिनं विचारलं.

"नाही अजून."

"ते तिथं तळ्यात खड्डा खणताना म्हणत होते, माझीच वाचायची चूक झाली पोरींनो. सारखं म्हणत होते. तुम्ही आधी त्यांना सांगायचं होतं."

पुरुषांचा वॉर्ड भिंतीपलीकडेच होता. सर शुद्धीवर आले होते. दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून पडले होते. भाभी पायाशी बसल्या होत्या. त्यांनी मला पाहून पदर सावरला आणि स्टूल रिकामं केलं. मी ते खाटेजवळ ओढलं, सकाळी पिशवीत घालून आणलेलं मूळ शीट काढलं आणि सरांच्या उशाशी उलगडलं. घडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

मी काळ्या रेषेवर बोट ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली.